गोळी झाली काय?

आमच्या शेजारी सोनीच्या घरी हल्ली एक मितानिन येते. घरोघरी फिरून आजारपणाची चौकशी करणारी, इथल्याच वस्तीतली पोरगी. सोनीच्या नवऱ्याला टीबी निघालाय, त्याच्या गोळ्या ती आणून देते. परवा ओट्यावर बसली आणि कपाळाला हात लावून मला म्हणाली, "दादी, छे महीने की दवा है, पर पूरी कराते-कराते जान निकल जाती है." मला हसूच आलं. तिला वाटलं असेल, म्हातारी वेडी झाली. अगं, सहा महिने! आमच्या वेळी अठरा होते. आणि आमच्याकडून ते ज्या बाईने पुरे करून घेतले, तिच्या पायांचे, डोक्याचे आणि जिभेचे हाल मी या डोळ्यांनी पाहिलेत.

गजभिये बाई तिचं नाव. इथल्या पोलादाच्या प्लांटच्या टीबी दवाखान्यातली घरभेटीची बाई. बुटकी, सावळी, पांढरं लुगडं, आणि डावा खांदा उजव्यापेक्षा चांगला चार बोटं खाली. सायकलवर बसली की सगळं अंग एका बाजूला कललेलं दिसायचं, आता पडते की काय असं वाटायचं. कधी पडली नाही. सायकलची घंटी मोडलेली होती आणि ती बाईने शेवटपर्यंत दुरुस्त केली नाही, कारण तिला घंटीची गरजच नव्हती. आमच्या मरोद्याच्या झोपड्यांच्या तोंडाशी आली की तिथूनच ओरडायची, "गोळी झाली काय?" नमस्कार नाही, रामराम नाही, जयभीमही नंतर. आधी गोळी.

ते दिवस प्लांट उभा राहण्याचे. पहिली भट्टी पेटली होती, बाकीचं काम चालूच होतं. जिकडे पाहावं तिकडे लाल माती, क्रेन, आणि माणसंच माणसं. आम्ही तिरोड्याकडचे, धान पिकवणारे. आमचे हे, म्हणजे सदाशिव, प्लांटमध्ये खलासी लागले, उंचावर गर्डर चढवायचं काम. ते पक्क्या नोकरीत. त्यांच्या मागोमाग माझा देर धनराज आला, तो ठेकेदाराच्या हाताखाली काँक्रीट वाहायचा. सासू दोन्ही पोरांच्या मागे आली आणि मी सासूच्या मागे. मरोद्याला मातीच्या भिंती आणि वर टीन अशा एका खोलीत आम्ही चौघं राहत होतो.

एक दिवस यांच्या छातीचा फोटो काढला आणि त्यात डाग निघाला. मी त्या दिवशी जेवले नाही. माझ्या माहेरी एका काकाला हाच रोग झाला होता, त्याला गोठ्यात ठेवलं होतं आणि गोठ्यातूनच नेलं. मला वाटलं, झालं, संपलं. आणि दुसऱ्या दिवशी ही कललेली बाई सायकल भिंतीला टेकवून दारात उभी राहिली आणि मला विचारते काय, तर तुमच्याकडे पाणी उकळायला भगोनं आहे काय. इंजेक्शनची सुई उकळायची होती तिला. मी रडत होते आणि ती माझ्या चुलीत फुंकर घालत होती.

सुई टोचून झाली, मग सासूने चहा केला. आता हे सांगायला मला आजही लाज वाटते, पण सांगते. आमच्या फळीवर एका टोकाला दोन कप वेगळे ठेवलेले होते. एक यांचा, रोगाचा म्हणून बाजूला काढलेला. दुसरा कान तुटलेला. तो सासूने त्याच सकाळी काढून ठेवला होता, नर्सबाई गजभिये आहे असं कळल्यावर. आम्ही कुणबी ना. त्या कानतुटक्या कपात चहा तिच्यापुढे आला. बाईने कपाकडे पाहिलं, फळीकडे पाहिलं, यांचा कप पाहिला. चहा पूर्ण प्याली. मग म्हणाली, "माय, एका फळीवर दोघांचे कप. बरं झालं, तुमच्या लेकाले सोबत झाली." सासूने पदर ओढून घेतला. बाई पुढे अगदी शांतपणे समजावत बसली की हा रोग कपातून जात नाही, खोकल्याच्या हवेतून जातो, खोकताना तोंडावर फडकं धरा, खिडकी उघडी ठेवा, थुंकी झाकणाच्या डबीत. कप एकत्र ठेवले तरी चालतात. "आणि माह्या कपाचं म्हणाल," ती उठता उठता म्हणाली, "तर माह्या अंगचं तर काहीच कपातून जात नाही." आणि गेली. माझे कान तापले होते. कप मात्र होते तिथेच राहिले, दोन्ही.

पहिले दोन महिने ती रोज आली. इंजेक्शन द्यायची, गोळ्या समोर गिळायला लावायची, मग "आ करा" म्हणून जिभेखाली पाहायची. एवढा साडेपाच फुटी माणूस, ऐंशी फुटांवर गर्डरवर चालणारा, तिच्यापुढे लेकरासारखा आ करून उभा राहायचा. गोळ्या तरी किती! मोठ्या पांढऱ्या मूठभर, आणि छोट्या तीन. मोठ्यांनी मळमळायचं, ढेकर यायचे, तोंड कडू व्हायचं. बाईजवळ एक छोटी बाटली होती, तिच्यात कसलं तरी पिवळं औषध. मनात येईल तेव्हा ती यांची लघवी मागायची, त्यात दोन थेंब टाकायची. गोळ्या पोटात गेल्या असतील तर जांभळट रंग चढायचा. नाही चढला तर मग तिची जीभ ऐकायची. आमच्या ओळीत तिघांनी ती ऐकली होती, त्यातला एक जण पाण्याच्या टाकीमागे लपायचा तिला पाहून.

ती तशी कोणालाच सोडायची नाही. एकदा शिफ्ट सुटायच्या वेळी ती प्लांटच्या गेटवर जाऊन उभी राहिली आणि एका धिप्पाड क्रेनवाल्याला सगळ्यांदेखत विचारलं, "गोळी झाली काय?" तो लाजून लाल. आमच्या ह्यांनी मला घरी येऊन सांगितलं की बाईने फार वाईट केलं, आता त्याच्याजवळ कोणी डबा खाणार नाही. मीही बाईला बोलले. तिने ऐकून घेतलं, चूक झाली म्हणाली, एवढंच. दुसऱ्या दिवसापासून ती गेटवर दिसेल त्याला तेच विचारायला लागली. आजारी असो की नसो, फोरमन असो, बिडी फुंकत बसलेला वॉचमन असो, अगदी प्लांट उभारायला आलेला एक रशियन साहेबसुद्धा सुटला नाही, तो बिचारा हसून मान हलवून गेला. महिन्याभरात लोकच एकमेकांना गंमत म्हणून विचारायला लागले. कोणी भेटलं की "काय गा, गोळी झाली काय?" मग त्यात खरा गोळीवाला कोण आणि खोटा कोण, कोणाला कळणार? क्रेनवाल्याच्या डब्याजवळ पुन्हा माणसं बसली. चूक झाली असं म्हणून ती दुरुस्त करणारी माणसं मी आयुष्यात फार पाहिली नाहीत.

दोन महिन्यांनी इंजेक्शनं थांबली. यांचा खोकला गेला, अंगावर मांस चढलं, थुंकी साफ आली. आता बाई आठवड्यातून एकदा यायची, आठवड्याच्या गोळ्यांची पुडी द्यायची, रिकामी पुडी परत घ्यायची. जाताना तेच तेच सांगायची: खोकला गेला म्हणजे रोग गेला नाही, तो निजलाय, तुम्ही गोळी सोडाल याची वाट पाहून राहिला. मला ते तोंडपाठ झालं होतं. आणि तरी मी काय केलं ते आता सांगते.

धनराजला खोकला सुरू झाला. आधी आम्ही काँक्रीटची धूळ म्हटलं. मग एक दिवस धुण्यात त्याच्या दुपट्ट्यावर मला रक्त दिसलं. मी ते सासूला दाखवलं. सासूने ते दुपट्टं माझ्या हातून ओढून पाण्यात बुडवलं. तो ठेकेदाराचा माणूस होता. खोकणाऱ्या मजुराला ठेकेदाराचा मुनशी दुसऱ्या दिवशी कामावर घेत नाही, हे सगळ्यांना माहीत. दवाखान्यात नाव लागलं की बोभाटा होणार आणि पोरगा घरी बसणार, अशी आमची खात्री. दवाखान्यात विचारायला कोणीच गेलं नाही. सासू म्हणाली, "दोघंबी माह्याच पोटचे. आपल्या घरी भाकरीचे कधी दोन वाटे चुकले काय?" आणि खरं होतं ते. आमच्या घरी जे येईल त्याचे दोन वाटे व्हायचे. आंबा आला तरी दोन फाका, खरवस आला तरी दोन वाट्या. दोघा भावांनी लहानपणापासून एकमेकांना सोडून काही खाल्लं नाही, याचा घरात सगळ्यांना अभिमान. यांनीही नाही म्हटलं नाही. उलट म्हणाले, मी तर बरा झालो, त्याला जास्त दे.

मोठ्या गोळ्या मोजून वाटता येत. छोट्या तीन. एक धनराजला, एक यांना, आणि तिसरी मी सासूच्या अडकित्त्याने बरोबर मधून कातरायची. एवढी बरोबर की कोणाला कमी-जास्त म्हणायला जागा नाही. मला त्याचाही अभिमान वाटायचा, देवा. बाई यायची त्या दिवशी हे तिच्यासमोर पूर्ण घ्यायचे. लघवीचा रंगही जांभळाच यायचा, अर्ध्या गोळ्यांनीसुद्धा. पुड्या रिकाम्या. सगळं जुळत होतं.

जुळत नव्हती ती थुंकी. गोळ्या वाटायला लागून चार महिने झाले आणि यांच्या साफ झालेल्या थुंकीत जंतू परत दिसले. बाई त्या दिवशी आली तेव्हा ओरडली नाही आणि मी घाबरले. पाटावर बसली, सगळं एकेक करून विचारलं. उलटी होते काय, दारू घेतात काय, गोळ्या उन्हात ठेवता काय. यांनी खाली मान घालून नाही नाही म्हटलं. तेवढ्यात तिची नजर सासूच्या पानाच्या डब्यावर गेली. तिने अडकित्ता उचलला. पात्याच्या खाचेत पांढरी भुकटी होती. तिने ती बोटाला लावली, जिभेला लावली, आणि माझ्याकडे पाहिलं. सासूकडे नाही, यांच्याकडे नाही, माझ्याकडे.

"धनराज कुठी आहे?" एवढंच विचारलं.

धनराज मागच्या अंगणात होता. तिने त्याच्या हातात बाटली दिली. परत आणल्यावर तिच्या पिवळ्या औषधाचे दोन थेंब टाकले. ज्या माणसाचं कुठल्याच कागदावर नाव नव्हतं, ज्याला कोणी औषध लिहून दिलं नव्हतं, त्याची बाटली आमच्या डोळ्यांसमोर जांभळी झाली. धनराज खोकला दाबत उभा होता.

मला वाटलं, आता ही आमची अब्रू काढणार. ती खाली बसली, मला समोर बसवलं आणि हळू आवाजात म्हणाली, "विमल, भाकर वाटली तर दोघं अर्धपोटी राहतात, पण जगतात. दवा वाटली तर दोघंबी जातात. अर्ध्या दवेनं जंतू मरत नाही, तो दवा ओळखून घेते. मंग पुरी देली तरी त्याले काही होत नाही." मग म्हणाली, "आता कामी येईल का नाही, मलेबी माहीत नाही."

ते शेवटचं वाक्य मी अजून विसरले नाही. जिला सगळं माहीत असायचं तिला हे माहीत नव्हतं. दोन्ही भाऊ मी माझ्या हाताने कातरले, असं मला वाटलं. मी रडायला लागले तर बाई उठली. रडायला नंतर फुरसत काढ म्हणाली, आधी पाणी उकळ.

त्याच दुपारी तिने धनराजला सायकलच्या मागे बसवून दुर्गच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे कोणालाही औषध मिळत होतं, ठेकेदाराचा असो की कोणाचा असो. आम्ही चार महिने ज्या भीतीने लपवलं, ती भीती एका चिठ्ठीने संपली. रोज दुर्गला इंजेक्शनला जाणं जमणार नव्हतं, तेव्हा तिथल्या डॉक्टरकडून तिने ते काम स्वतःच्या हातात लिहून घेतलं. तिथून ती मुनशीकडे गेली. धनराज बाहेर उभा राहून ऐकत होता, त्याने नंतर सांगितलं. मुनशी म्हणाला, असा माणूस मी कशाला ठेवू? बाईने त्याला सांगितलं की दवा सुरू झाली की थोड्याच दिवसांत याच्या खोकल्याची भीती राहत नाही. पण याला काढलं, तर तुमचे बाकीचे खोकणारे उद्यापासून खोकला लपवतील आणि तुमच्याच शेजारी बसून जेवतील. "जंतू गेटपास पाहून आत नाही येत, मुनशीजी," म्हणाली. मुनशीने आजूबाजूच्या माणसांकडे एकदा पाहून घेतलं. धनराजला अवजारांच्या कोठारावर हलकं काम मिळालं.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या चुलीवर दोन सुया उकळायला लागल्या. यांचे अठरा महिने पुन्हा पहिल्यापासून. दोन भाऊ शेजारी शेजारी बसायचे, बाई एकाला टोचायची मग दुसऱ्याला, आणि दोघांना एकदम "आ करा". दोन पुड्या, दोघांच्या वेगळ्या. सासूने अडकित्ता उचलून कुठे ठेवला कोण जाणे, तिने सुपारी खाणंच सोडलं. आणि आम्ही वाट पाहायला लागलो. रोज सकाळी मी यांचा चेहरा पाहायची आणि मनात म्हणायची, ओळखलं असेल काय त्याने औषध, की नाही.

धनराजची थुंकी तिसऱ्या महिन्यात साफ आली. यांची नाही आली. चौथ्यातही नाही. पाचव्या महिन्यात बाई आली ती ओरडलीच नाही, सायकल उभीही केली नाही नीट, सायकल तिथेच पडली, आणि ती हातातला कागद हलवत आत आली: यांची थुंकी साफ! मी चुलीपाशीच बसून राहिले.

पण पुरुषाची जात! बरे झाले की यांचं डोकं पुन्हा फिरलं. दहाव्या महिन्यात एक दिवस मूठभर गोळ्या यांनी अंगणात फेकल्या. आता बस, म्हणाले, मला उलट्या होतात, माझं शरीर माझ्या ताब्यात आहे. नेमकी तेव्हाच बाई आली. अंगणातल्या गोळ्या पाहिल्या. यांना बाहेर बसवलं, मला आणि सासूला आत घेतलं, पडदा सोडला, आणि आमच्याकडे पाठ करून पोलक्याची बटणं सोडली.

डाव्या बाजूला खांद्यापासून खाली एक लांब व्रण होता, आणि व्रणाखाली पाठच नव्हती. खड्डा होता. आवाज जरा चढवून, बाहेर ऐकू जाईल असं, ती सांगायला लागली. वीस वर्षांची असताना तिला हाच रोग झाला. तेव्हा गोळी नव्हती. दोन वर्षं ती एका सॅनिटोरियममध्ये पडून होती, शेवटी डॉक्टरांनी फुप्फुस दाबून बसवायला तिच्या सात फासळ्या काढल्या. तिच्या ओळीत अकरा खाटा होत्या. तिच्यासकट दोघी घरी गेल्या. "मी सात फासळ्या देऊन जगली," ती म्हणाली. "तुमाले फक्त गिळायचं आहे."

पडदा सरकवून आम्ही बाहेर आलो तर हे अंगणात उकिडवे बसून गोळ्या वेचत होते. मातीच्या होत्या. बाईने त्या काढून घेतल्या आणि नव्या दिल्या.

तेव्हापासून बाई दिसली की सासू आधी तिच्यासाठी पाट मांडायची.

अठरा महिने पुरे झाले त्या दिवशी दोघा भावांच्या छातीचे फोटो घेऊन बाई आली. उन्हाकडे धरून दाखवले, जुने डाग वाळून रेघा उरल्या होत्या. मला त्यातलं काही कळलं नाही, मी फक्त तिचा चेहरा पाहिला. मग ती सहज म्हणाली की तिची बदली झालीये, दल्लीला, जिथून प्लांटसाठी लोखंडाचा दगड येतो त्या खाणीकडे. तिकडे नवीन वस्ती आहे, तिकडे खोकणारे खूप असतील.

सासू उठली. चहा केला. आणि फळीवरून घरातला कप काढला, रोजचा, आमचा. कानतुटक्या कपाला तिने हात लावला नाही. दोन्ही हातांनी कपबशी बाईपुढे धरली.

बाईने कप घेतला. अर्धा चहा प्याली. मग उरलेला अर्धा बशीत ओतला आणि बशी सासूपुढे केली.

"हे वाटता येते, माय," म्हणाली.

खोलीत आम्ही चौघं होतो, पाचवी बाई. माझ्या सासूने उभ्या जन्मात आमच्या जातीबाहेरचं पाणी घेतलं नव्हतं, आणि हे तर उष्टं. तिने बशीकडे पाहिलं. मग आपल्या दोन पोरांकडे पाहिलं, पाटावर शेजारी शेजारी बसलेल्या. बशी तोंडाला लावली आणि आवाज करत, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्याली. पदराने तोंड पुसलं.

"साखर कमी झाली वो," म्हणाली.

बाई खळखळून हसली. तिला तशी हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मग सायकल काढली, पिशवी अडकवली, आणि तो खाली गेलेला खांदा घेऊन एका अंगावर कलत ओळीतून निघाली. चार घरांपुढे लांजेवाराकडे नुकताच कोणाला तरी टीबी निघाला होता. तिथे पोचायच्या आधीच तिचा आवाज आला, "गोळी झाली काय?"

आतून उत्तर यायच्या आधीच माझी सासू ओट्यावरून ओरडली, "झाली वो बाई, झाली! तू जाय बिनघोर, इथलं मी पाहून घेतो."